मायाप्पामामांचा पहिला तास

उंब्रजजवळच्या एका हायस्कुलात मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, वाळका माणूस झाडू धरून उभा होता. डोक्याला पांढरी टोपी, अंगात खाकी शर्ट, मिशा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लांबीच्या. त्याने माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमी कंच्या फांदीच्या?"

नव्या गावात नव्या बाईला लोक आडून आडून काय विचारतात हे मला माहीत होतं. पण पहिल्याच दिवशी, आणि तेही प्रयोगशाळेच्या दारात! मी फणकाऱ्याने म्हणाले, "आम्ही जैन. सांगलीकडचे. घरी शेती आहे. अजून काही?"

"त्ये न्हाई वो इचारलं," तो शांतपणे म्हणाला. "वनस्पतीच्या का प्राण्यांच्या?"

मी वनस्पतीशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. तसं सांगितल्यावर त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि मला आत वाट दिली. "बरं झालं. मागलं सर प्राण्यांचं हुतं. कुंड्या वाळवून टाकल्या समद्या."

हे मायाप्पामामा. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, शिक्षण सातवी पास. मूळ गाव आटपाडीच्या पुढचं, जिथे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो. घराणं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की यांची मेंढरं कृष्णाकाठाला यायची, आणि शेतकरी ती आपापल्या रानात मुक्कामाला बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. एका वर्षी ती शाळेच्या रानात बसली. पुढे मेंढरं उठून गेली आणि तरणे मायाप्पा शाळेतच राहिले. कसे राहिले, कोणी ठेवून घेतले, याच्या शाळेत तीन कथा होत्या आणि तिन्ही मामांनीच सांगितलेल्या होत्या.

जीवशास्त्राच्या शाखांना मामा फांद्या म्हणत, आणि जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी फांदीवर बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. स्टाफरूममध्ये कोणाला शिंक आली की मामा दारातून म्हणायचे, "सूक्ष्मजीवशास्त्र." क्लार्कच्या मुलाचं नाक हुबेहूब क्लार्कसारखं निघालं तेव्हा बारशाच्या दिवशी पाळण्यात डोकावून त्यांनी निर्णय दिला, "आनुवंशिकी." हेडमास्तर जेवल्यावर खुर्चीतच पेंगायला लागले की मामा आवाज न करता दार ओढून घ्यायचे आणि मुलांना सांगायचे, "गप बसा रं, शरीरक्रियाशास्त्र चाललंय आत." एकदा मला घरून निघायला उशीर झाला, बस चुकली, कपाळात आठ्या घेऊन मी शाळेत शिरले. मामांनी विचारलं, "बाई, आज फांदी कंची?" मी म्हणाले, "मामा, आज कुठलीच नाही, डोकं दुखतंय." तर म्हणाले, "मग चेतासंस्था. शरीररचनेत बी येती, क्रियेत बी येती. च्या घ्या."

ही शास्त्रांची नावं ते कुठे शिकले? दारात उभं राहून. नववीच्या वर्गाचा जूनमधला पहिला तास आमच्याकडे प्रयोगशाळेत होतो. पाठ एकच: जीवशास्त्राची ओळख आणि त्याच्या प्रमुख शाखा. माझ्या आधीचे दोन शिक्षक आणि नंतर मी, अशी तिघांची तीच तीच ओळख मामांनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकली होती. माझी पद्धत सांगते. एक निळी वही होती. तिच्यातून मी सांगायचे, "सजीवांचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे जीवशास्त्र. लिहा. स्वल्पविराम." मुलं लिहायची. पंधराव्या मिनिटाला मागच्या बाकावर डुलक्या सुरू व्हायच्या. मामा मात्र डोळे मोठे करून ऐकत असायचे, आणि माझ्याकडून एखादी शाखा राहिली तर बरण्या पुसायच्या निमित्ताने जवळ येऊन हळूच म्हणायचे, "परिस्थितिकी ऱ्हायली."

पण त्यांनी माझ्या व्याख्या जशाच्या तशा घेतल्या नव्हत्या. त्यांनी त्या आपल्या दावणीला बांधून वाढवल्या होत्या.

उंब्रजच्या बाजारात मी एकदा त्यांना भाजीवालीशी हुज्जत घालताना पाहिलं. तिने मेथीच्या जुड्या एका टोपलीत आणि भुईमुगाच्या शेंगा दुसरीकडे मांडल्या होत्या. मामांचं म्हणणं, ह्या दोघी शेजारी हव्यात. "का?" तर, "भावकी हाय. मेथी, हरबरा, तूर, भुईमूग, घेवडा, समदी एका घरची. फुलं बघा, तोंडावळा एकच." मग वांग्याकडे बोट. "ह्ये, मिरची, टमाटं, बटाटा, ही दुसरी भावकी. तंबाखूबी ह्यांचाच, पर वाया गेलेला." भाजीवाली म्हणाली, "आवं मामा, घ्यायचं असंल तर घ्या, न्हाई तर भावकी घरला न्या." वर्गीकरणशास्त्र म्हणजे भावकी, ही व्याख्या मी त्या दिवशी ऐकली आणि मनात म्हणाले, काय पण माणूस आहे! माझ्या निळ्या वहीत वर्गीकरणाला सात ओळी होत्या.

नागपंचमीला त्यांचा वेगळाच सोहळा. आमचे हेडमास्तर शिराळ्याचे. त्यांच्या गावी हा सण म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. प्रयोगशाळेत एका बरणीत फार वर्षांपूर्वीचा एक साप होता, द्रवात वेटोळं करून बसलेला. मामा दर पंचमीला बरणीला हळदकुंकू लावायचे, पुढे लाह्या ठेवायचे, आणि हेडमास्तर येऊन मनोभावे नमस्कार करून जायचे. पहिल्या वर्षी मी बरणी निरखून पाहिली आणि घाबरत म्हणाले, "सर, ही धामण आहे." हेडमास्तरांचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांना धामण ठाऊक नव्हती असं कसं म्हणणार, आयुष्य रानात गेलेलं. ते म्हणाले, "भावकीतली हाय की साहेब. सणाला भावकी बोलवायची न्हाई व्हय?" हेडमास्तरांनी क्षणभर विचार केला आणि नमस्कार पुरा केला.

आणि पाण्याची गोष्ट. आमच्या घरी पाणी गाळून प्यायचं. आजीची शिस्त कडक होती. दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं, आणि मग ते फडकं ज्या विहिरीचं पाणी तिथेच नेऊन हलकेच पालथं करायचं. फडक्यात जे जीव अडकले असतील ते आपापल्या घरी परत गेले पाहिजेत. शाळेच्या मागे विहीर होती आणि पिण्याचं पाणी तिथूनच यायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी मामांना हे सगळं सांगितलं. माझ्यापुरता माठ गाळून ठेवत जा, आणि जमलं तर फडकं विहिरीवर झटका, असं मी म्हणाले. मामा भारावून गेले. "म्हंजी तुमची आजी सूक्ष्मजीवशास्त्राची!"

मी माझं शिक्षिकापण दाखवलं. "मामा, सूक्ष्मजीव फडक्यात अडकत नाहीत, ते फार बारीक असतात. आरपार जातात."

"जाऊ द्या की. दिसत न्हाई त्येचाबी इचार केला का न्हाई म्हातारीनं? तिथनंच सुरू हुती ती फांदी."

पुढे नळ आला, भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, आणि मी फडक्याचं विसरून गेले. खरं सांगायचं तर मी घरीही गाळायचं सोडून दिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. मामांना एकच हवं होतं. दरवर्षी मे महिन्यात निकालाची कामं चालू असताना ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहायचे, टोपी काढून हातात धरायचे आणि म्हणायचे, "बाई, यंदा त्यो पयला तास मला द्या. एकच. बाकी वरीसभर तुमी घ्या."

मला आधी हसू यायचं. मग अवघडल्यासारखं व्हायचं. परिचराने फळ्यापुढे उभं राहायचं? पालक काय म्हणतील, हेडमास्तर काय म्हणतील? मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू, मामा." ते "बरं" म्हणून टोपी घालायचे. अशी मी एकोणीस वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणाले. एखाद्या वर्षी हो म्हटलं असतं तर आकाश कोसळणार नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

तास मिळेना म्हणून मामांनी तो व्हरांड्यात घ्यायला सुरुवात केली. ऑफिसबाहेर दाखल्यासाठी ताटकळणारा कुणाचा तरी बाप, गॅसचा सिलिंडर पोचवायला आलेला माणूस, मतदारयादी घेऊन आलेली अंगणवाडीची बाई, जो सापडेल त्याला. मी आत वह्या तपासत असायचे आणि खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

"ह्ये बघा पावणं. घराला खोल्या असत्यात. कुठं चूल, कुठं देव्हारा, कुठं मोरी. ती झाली शरीररचना. आन त्या घरात जो संसार चालतो, कोण रांधतंय, कोण खातंय, कोण भांडतंय, ती शरीरक्रिया. आता दोन पांढऱ्या मेंढरांच्या पोटी काळं कोकरू झालं, म्हंजी काय? आज्जा परत आला! दोघांच्याबी रगतात दडून बसला हुता. ती आनुवंशिकी."

"आन ती उत्क्रांती म्हंत्यात ती?" एकदा गॅसवाल्याने विचारलं होतं. तोही तयार झाला असावा.

"ती कंच्या फांदीवर बसवायची ती मला लय दिस कळंना. मग ध्यानात आलं, ती फांदीच न्हाई. ती खोड हाय."

सगळ्यात शेवटी परिस्थितिकी यायची. मामांच्या भाषेत शेजार. तिथे त्यांचा आवाज हळू व्हायचा. "बाभळीखाली मेंढरू सावलीला बसतंय. तिच्या शेंगा खातंय. म्होरं जाऊन लेंडी टाकतंय. त्या लेंडीतनं नवी बाभूळ उगवती. आता सांगा, बाभळीला मेंढरानं वाढवलं का मेंढराला बाभळीनं?" आणि मग ते बराच वेळ काही बोलायचे नाहीत. बाप दाखला न घेताच उभा राहायचा. शेजाराला घाई करायची नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती बाभूळ उगवायला वेळ लागतो.

मामांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. दिवाळीच्या आधी ते जाणार होते, म्हणजे तो त्यांचा शेवटचा जून. मेमध्ये ते टोपी काढून उभे राहायच्या आतच मी म्हणाले, "मामा, यंदा पहिला तास तुमचा. शब्द देते." त्यांनी टोपी काढलीच नव्हती, ती घालायला म्हणून त्यांनी हात वर नेला आणि तसाच खाली आणला. बाहेर जाऊन त्यांनी सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, सकाळी घातलेलं असूनसुद्धा.

तो दिवस उजाडला. मामा पांढरा शुभ्र, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मिशासुद्धा दोन्ही बाजूंना सारख्या कापल्या होत्या. टेबलावर मोठा ट्रे मांडला होता. मेथीची जुडी, मूठभर हरभरे, भुईमुगाच्या शेंगा. मग वांगं, मिरची, टोमॅटो. मग काड्यापेट्यांचं एक घर, आत खोल्या केलेलं. मग लोकरीचे पुंजके, दोन पांढरे आणि एक काळा. मग दुहेरी घडीचं स्वच्छ फडकं. सगळ्यात शेवटी बाभळीच्या शेंगा. "हाड ठिवनार हुतो मेंढीचं," ते म्हणाले, "पर तुमच्याम्होरं नगं वाटलं."

घंटा झाली. मुलं येऊन बसली. आणि हेडमास्तर लगबगीने आत आले, हातात मोबाइल. आदर्श पाठाची स्पर्धा होती, पाठ चित्रित करून पाठवायचा होता, ते त्यांच्या लक्षातून गेलं होतं आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. "बाई, हाच तास घेऊन टाका. तुमचा हातखंडा आहे."

मी मामांकडे पाहिलं. मामा ट्रेकडे पाहत होते. 'हा तास मामा घेणार आहेत' एवढंच मला म्हणायचं होतं. मनात आलं, मामा 'कंच्या' आणि 'न्हाई' म्हणतील, परीक्षक हसतील, शाळेचं नाव जाईल. पण हे निमित्त झालं. मोबाइल माझ्यावर रोखलेला होता आणि मला ते आवडलं होतं. एकोणीस वर्षं मला कोणी टिपून घेतलं नव्हतं.

"मामा, तुम्ही उद्या घ्या," मी म्हणाले.

"उद्या दुसरा तास असतो, बाई," मामा म्हणाले. आणि टेबलाच्या बाजूला, परिचराच्या जागी, जाऊन उभे राहिले.

मी निळी वही उघडली. "सजीवांचा शास्त्रशुद्ध अभ्यास..." मुलांनी पेनं काढली. हेडमास्तरांच्या कपाळावर आठी पडली. एक मुलगी चक्क जांभई देताना चित्रित झाली. माझी नजर ट्रेवर गेली आणि माझ्या हाताने मेथीची जुडी उचलली. "मुलांनो, तुमच्याकडे भावकी असते ना?"

वर्ग खडबडून जागा झाला. मग काही अडलंच नाही. माझ्याच तोंडून, माझ्या प्रमाण भाषेत, मामांचा सगळा तास बाहेर पडला. व्हरांड्यातून ऐकून ऐकून तो मला पाठ होता, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी मी हात पुढे केला की पुढची वस्तू माझ्या हातात येत होती. काड्यापेट्यांचं घर, पांढरी लोकर, काळी लोकर. क्रम त्यांचाच होता. मामा ती एकेक उचलून माझ्या हातात देत होते, जसं परिचराने द्यायचं असतं. फडकं आलं तेव्हा मी आजीची गोष्ट सांगितली. मी अजूनही हे पाळते, असंही सांगितलं.

तो पाठ मोबाइलवरून कुठल्या कुठे फिरला. मला 'भावकीवाल्या बाई' म्हणून लोक ओळखायला लागले. साताऱ्याला सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात मामांचं नाव घ्यायचं म्हणून मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. दोन मान्यवरांनी वेळ खाल्ला आणि माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली. नाव घ्यायला दोन मिनिटं लागत नाहीत. मामा तिसऱ्या रांगेत बसले होते, तोच पांढरा शर्ट घालून, आणि टाळ्या वाजवत होते.

परतताना गाडीत ते माझ्या मागे बसले होते. कराड रोडला लागल्यावर म्हणाले, "बाई, झ्याक झालं. फकस्त शेजार जरा लवकर आटपला."

ऑक्टोबरात मामा निवृत्त झाले. निरोपाला मी हे सगळे किस्से सांगितले, धामणीचा सांगितला तेव्हा हेडमास्तरही हसले. तासाचं कोणी काही बोललं नाही. बरण्या कोणाच्या ताब्यात द्यायच्या याची यादी करून मामा गावी गेले.

गेल्या मे महिन्यात मला राहवेना. निकालाचे कागद पुढ्यात होते आणि टेबलाजवळ कोणी टोपी काढून उभं नव्हतं. मी कराडहून विटा, विट्याहून आटपाडी असं करत त्यांच्या वस्तीवर जाऊन पोचले. उन्हाने रान पांढरं पडलं होतं. घराला कुलूप नव्हतं, पण घरात माणूसही नव्हतं असं वाटलं. बायको मागेच वारलेली. मुलगा, सून, नातवंडं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला गेलेली, पावसाला परत येणार. मामा एकटे लिंबाखाली बसले होते. एक मिशी पुन्हा आखूड झाली होती.

मला पाहून त्यांनी फांदी विचारली नाही. "बाई! आवं, एवढ्या उन्हाचं!" म्हणत आत गेले, तांब्यावर फडकं धरून पाणी गाळलं आणि आणून दिलं. मी ते प्यायले.

मी एका दमात सगळं बोलून टाकलं. चूक झाली, लाज वाटते, यंदा जूनमध्ये या, गाडी पाठवते, पहिला तास तुम्हीच घ्यायचा, मी दारात उभी राहते.

मामा जमिनीकडे बघत होते. "आता कसं जमंल, बाई? त्यो तुमचा म्हून समदीकडं गेलाय. माझा नातू हितंच हुता दिवाळीला. मी भावकी सांगाय लागलो तर म्हनला, आज्जा, ह्ये मोबाइलवरच्या बाईंचं हाय, तुमी पाठ केलंय व्हय?"

मग मी विचारलं, "मामा, पहिलाच तास का हो? दुसरा, तिसरा, कुठलाही मागितला असता..."

"मला त्योच ठावं हाय," ते म्हणाले. "आमी पावसाळ्यात गावी. जूनला साळंत बसायचो. दिवाळी झाली की मेंढरं हलली, म्या बी हललो. समद्या पुस्तकांचं पयलं पयलं धडं मला पाठ हायती, बाई. शेवटचा कुठल्याच पुस्तकाचा न्हाई. सातवीपातूर मास्तरांनी ढकलत नेलं. तवा वाटायचं, पयला धडा आपला. त्येवढा आपून कवाबी सांगू शकतो."

मी खाली मातीत बसले. म्हणाले, "मला सांगा. मी नववीत आहे असं समजा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खरंच उठले, टोपी नीट केली, लिंबाच्या खोडापाशी उभे राहिले. "पोरानूं," असं म्हणाले. आणि थांबले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. शेवटी ओशाळं हसून खाली बसले. "न्हाई जमत, बाई. म्होरं एकच हाय, आन तिला समदं येतंय."

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी मघाचं ओलं फडकं उचललं आणि पायात वहाणा सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"हिरीवर. सोडून येतो ह्ये. रोजचंच की."

"रोजचं?"

"साळंत न्हवतो का सोडत? नळ आला तरी म्या तुमचा माठ हिरीच्याच पाण्यानं भरायचो, आन मग फडकं पालथं करून यायचो. आजीनं सांगितलंय म्हनला हुता न्हवं तुमी, पयल्या वर्सी?"

मी त्यांच्यामागे गेले. विहीर दोन शेतं पलीकडे, आणि मे महिन्यातलं पाणी पार तळाला गेलेलं. मामा गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी उतरले. फडकं पाण्यात बुडवलं, हलकेच पालथं केलं, दोनदा खळबळलं. मी वर काठावर उभी होते. ज्या पाठासाठी सत्कार झाला त्यात मी अजूनही पाळते असं सांगितलं होतं, ते हा माणूस माझ्या नावाने एकोणीस वर्षं पाळत होता, आणि मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून 'पुढच्या वर्षी' म्हणत होते.

तळातून त्यांचा आवाज आला. "बाई, ह्ये मातूर तासाला सांगू नगा हां. एवढं माझं ऱ्हाऊ द्या." "नाही सांगणार, मामा," मी काठावरून शब्द दिला.

यंदाच्या जूनमध्ये पहिला तास मी निळ्या वहीतून घेतला. मुलं म्हणाली, "बाई, मोबाइलवरचं सांगा की." मी म्हणाले, ते माझं नाही. कोणाचं आहे म्हणून विचारल्यावर मी मामांचं नाव फळ्यावर लिहिलं, आणि शेजाराजवळ आल्यावर, त्यांच्यासारखं, बराच वेळ थांबून पाहिलं. मागच्या बाकावर डुलक्या सुरू झाल्या.

विहिरीचं मी तासाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, म्हणजे मामांना दिलेला आणखी एक शब्द मोडला. या वेळी वर नाव मात्र त्यांचं घातलं आहे.